पळसदेवचे पाणी आणि गोडावरचा कर

१/ पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे टाकले की इंदापूरच्या अलीकडे पळसदेव लागते. आज रस्त्यावरून दिसते ते पुनर्वसित गाव. जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ज्या वर्षी उन्हाळा कडक असतो आणि धरणाचा साठा उणे पातळीत खोल उतरतो, त्या वर्षी पळसनाथाच्या प्राचीन मंदिराचे आधी शिखर आणि पुढे सारे मंदिर पाण्याबाहेर येते. पंचक्रोशीतले लोक दर्शनाला जातात. पावसाळ्यात पाणी चढते आणि मंदिर पुन्हा दिसेनासे होते.

२/ या पाण्यावर काय पिकते, हे सांगायला जाणकार लागत नाही. जलाशयाच्या काठाने आणि नीरेच्या कालव्याच्या दुतर्फा ऊस उभा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या बारामती-इंदापुरातल्या सहकारी साखर कारखान्यांची नावे राज्यभर ठाऊक आहेत. गळीत हंगामात या भागातल्या प्रत्येक रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिसतात.

३/ अशा प्रदेशात उभे राहून एक प्रश्न विचारणे थोडे अवघड आहे, आणि म्हणूनच तो येथे विचारला पाहिजे. आरोग्याला अपायकारक असलेल्या खाद्यपदार्थांवर सरकारने कर लावावा काय? लोकांनी काय खावे-प्यावे, यात राज्यकर्त्यांनी कराच्या मार्गाने हात घालावा काय? हा प्रश्न मेक्सिको आणि इंग्लंडमधून आलेला, नव्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तो महाराष्ट्रात किमान १४० वर्षे जुना आहे. त्याचा हा मागोवा.

४/ आरंभ पाण्यापासून करू. बारामती-इंदापूर हा अवर्षणाचा पट्टा. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा ही येथली पिके आणि भाकरी, कोरड्यास हे येथले जेवण. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर सरकारने दुष्काळनिवारणाच्या हेतूने नीरा डावा कालवा पूर्ण केला आणि १८८० च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागले. त्यामागे भाटघरचे धरण उभे राहिले. हेतू असा की पाऊस हुकला तरी शेतकऱ्याची ज्वारी-बाजरी वाचावी.

५/ पण एक अडचण उभी राहिली. काळ्या जमिनीतला शेतकरी पाऊस बरा झाला की कालव्याचे पाणी घेईना. पाणीपट्टी देऊन ज्वारी भिजवणे त्याला परवडत नसे. कालव्यावर झालेला खर्च वसूल होईना. अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की बारमाही पाणी मागणारे आणि मोठी पाणीपट्टी सोसणारे पीक एकच आहे, ते म्हणजे ऊस. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडलेली ‘ब्लॉक’ पद्धत याच काळातली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी द्यायची आणि त्यातला साधारण तिसरा भाग उसाला, असे तिचे सूत्र होते. दुष्काळासाठी काढलेला कालवा असा हळूहळू उसाचा कालवा झाला.

६/ सासवडकडचे माळी शेतकरी या कालव्यावर आले, जमिनी खंडाने घेतल्या, गुऱ्हाळे लावली. त्या काळी या भागातला ऊस म्हणजे गूळ. पांढरी साखर ही शहरात आणि सधन घरांत दिसणारी वस्तू होती आणि तिचा मोठा भाग जावा बेटावरून येई. खेड्यातले गोड म्हणजे सणाची पुरणपोळी, गुळाचा खडा, दिवाळीचे कानवले. गोड हे प्रसंगाचे खाणे होते. रोजचे नव्हते.

७/ हे बदलले ते एका कराने. १९३२ साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. आयात होणाऱ्या साखरेवर हंड्रेडवेटमागे सव्वासात रुपये जकात बसली. जावाची साखर महागली आणि देशी कारखान्यांना बाजार मोकळा झाला. १९३०-३१ च्या सुमारास देशात तीसएक कारखाने होते. सहा-सात वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळरानावर वालचंद हिराचंद यांनी उभारलेला कारखाना याच लाटेतला. त्या गावाला पुढे वालचंदनगर हे नाव पडले. याच वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला कारखाना काढला आणि तेथे पुढे गोळ्या-चॉकलेटे बनू लागली. उसापासून साखर, साखरेपासून लहान मुलाच्या हातातली गोळी, हा प्रवास एका दशकात पुरा झाला.

८/ येथे एक बारीक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. परदेशी साखरेवर कर बसवणाऱ्या सरकारने दोनच वर्षांत, १९३४ साली, देशी कारखान्यांच्या साखरेवरही उत्पादनशुल्क बसवले. कारण आरोग्याचे नव्हते. जावाची साखर बंद झाल्याने तिच्यावरच्या जकातीचे उत्पन्न आटले होते, ते भरून काढायचे होते. साखरेवरचा कर या देशात नवा नाही. तो नेहमी तिजोरीसाठी किंवा उद्योगासाठी होता, खाणाऱ्याच्या प्रकृतीसाठी कधीच नव्हता.

९/ याच काळात आणखी एका कराने भारतीयांची जीभ बदलली. १९०३ साली चहा उपकर कायदा झाला. निर्यात होणाऱ्या चहावर उपकर गोळा करायचा आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा, अशी ती योजना होती. आरंभी भर परदेशावर होता. १९३० च्या मंदीत परदेशी मागणी ढासळली, तेव्हा प्रचाराचे सारे बळ देशांतर्गत बाजारावर लागले. रेल्वे स्थानके, बाजारपेठा, जत्रा, गिरण्या, सगळीकडे चहा करून पाजण्यात आला. चहाबरोबर रोजची साखर घराघरांत शिरली. पाहुण्याला गूळ-पाणी देणारी ओसरी एका पिढीत कपबशीवर आली.

१०/ स्वातंत्र्यानंतर हा ओघ थांबला नाही, त्याला वेगळे आणि अधिक न्याय्य रूप मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. त्याच दशकात माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. कारखान्याचा मालक सभासद शेतकरी झाला. शाळा, महाविद्यालये, दवाखाने, रस्ते आले. बारामती-इंदापुरातल्या हजारो घरांना उसाने पक्की भिंत दिली आणि मुलांना शिक्षण दिले. हे ऋण नाकारून साखरेविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

११/ उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. पुणे, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली अनेक गावे त्याखाली गेली, त्यांत पळसदेवही गेले. धरणाचा उद्देश अवर्षणग्रस्त सोलापूरला पाणी देणे हा होता. प्रत्यक्षात कालव्यांवर आणि जलाशयाच्या काठाने उपसा सिंचनाने ऊसच वाढला. नीरा कालव्याची कथा शंभर वर्षांनी भीमेवर पुन्हा घडली.

१२/ या सगळ्याचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट दिसते. सरकारने परदेशी साखरेवर कर लावला, कारखान्यांना भागभांडवल आणि कर्जहमी दिली, धरणे बांधली, उसाला किमान दर ठरवून दिला. शिधापत्रिकेवर वर्षानुवर्षे स्वस्त साखर दिली. २००२ पासून दीर्घकाळ तिचा दर किलोला साडेतेरा रुपये होता. २०१३ पर्यंत कारखान्यांकडून लेव्हीची साखर घेतली जाई. आजही उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते. साखरेचा किमान विक्रीदर २०१८ मध्ये किलोला २९ आणि २०१९ मध्ये ३१ रुपये ठरला. ‘लोकांच्या ताटात सरकारने हात घालू नये’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की तो हात फार पूर्वीच घातला गेला आहे, आणि त्याने ताट अधिक गोड केले आहे.

१३/ आता दुसरी परंपरा पाहू. हानिकारक वस्तूवर कर लावून तिचा प्रसार रोखावा, हा विचार पुण्यात १८८० साली लेखी मांडला गेला. मांडणारे होते जोतीराव फुले. ते तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत होती. जुलै १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा : नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी एवढा खर्च करते, आणि आरोग्य व नीती दोन्ही बुडवणारी ही दुकाने मात्र मोकळी वाढतात. या व्यसनाला थोडाबहुत आळा बसावा म्हणून दुकानांवर ती जेवढे नुकसान करतात त्या प्रमाणात कर बसवावा.

१४/ ‘नुकसानीच्या प्रमाणात कर’ हे सूत्र आजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने शिकवतात. पिगूचा ग्रंथ १९२० चा. फुल्यांनी ते चाळीस वर्षे आधी एका नगरपालिकेच्या कामकाजात मांडले. त्यांनी बंदी मागितली नव्हती, उपदेशही केला नव्हता. आरोग्याचा खर्च सार्वजनिक असेल तर अनारोग्य विकून नफा कमावणाऱ्याने त्यात वाटा उचलावा, एवढाच त्यांचा रोखठोक हिशेब होता.

१५/ सरकारकडेही दारूसाठी एक सूत्र होते : ‘कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल’. मुंबई अबकारी कायदा १८७८ चा. व्यवहारात या सूत्राचा पहिला भाग मागे पडे आणि दुसरा पुढे येई. अबकारीचे उत्पन्न एकदा अंदाजपत्रकात शिरले की खप खरोखर कमी व्हावा, असे कोणत्याच अधिकाऱ्याला मनापासून वाटेनासे होते. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, तेव्हा हाच आक्षेप लोकांच्या तोंडी होता. आरोग्याच्या नावाने लावलेल्या कराविषयीची पहिली शंका ही : कर घेणारा त्या व्यसनावरच जगू लागतो.

१६/ दुसरी शंका मिठाने शिकवली. १८८८ साली सरकारने मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. करवाढीनंतर मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढलेला नाही, गरिबाला प्रकृतीसाठी लागते तेवढे मीठही मिळत नाही, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. पुढे १९०३ मध्ये कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला आणि खप वाढला.

१७/ या उदाहरणातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, करामुळे लोकांचे खाणे बदलते. मिठासारख्या टाळता न येणाऱ्या वस्तूचा खपही कराने दबला आणि करकपातीने वाढला. दुसरी, तो बदल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त गरिबाच्या चुलीपाशी होतो. श्रीमंताच्या भाजीतले मीठ कराने कमी झाले नव्हते. म्हणूनच १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला माणसे लाठ्या झेलत मीठ उचलायला गेली. तो कर १९४७ मध्ये रद्द झाला. अन्नावरच्या कराची भारतीय मनात जी चीड आहे, तिचे मूळ येथे आहे आणि ती चीड रास्त आहे.

१८/ काळाचा खेळ असा की ज्या मिठाच्या तुटवड्याची गोखल्यांना काळजी होती, त्याच्या अतिरेकाची आज डॉक्टरांना काळजी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. कोणता पदार्थ अपायकारक, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. म्हणून करही कायमचा कोरून ठेवता येत नाही, तो तपासत राहावा लागतो.

१९/ आता वर्तमान. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. हा आजार आता शहरी, सुखवस्तू माणसाचा उरलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत माता आणि बालकांचा अभ्यास केला. येथले बाळ वजनाने कमी असते, पण त्याच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते, हे त्यातून दिसले. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीराला स्वस्त गोड आणि तळलेले अन्न एकाएकी मिळाले, तर ते शरीर लवकर मोडते. दुष्काळी पट्ट्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

२०/ इतर देशांनी काय केले? डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर कर बसवला. लोणी, चीज, मांस, सारेच त्यात आले. लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदी करू लागले, छोटे उत्पादक हिशेबाने बेजार झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये कर रद्द झाला. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली आणि गरीब घरांत ती घट अधिक होती. पाण्याच्या बाटल्यांची खरेदी वाढली.

२१/ इंग्लंडने वेगळी युक्ती योजली. २०१६ मध्ये घोषणा केली आणि कर लावला एप्रिल २०१८ मध्ये. १०० मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, पाच ते आठमध्ये लिटरला १८ पेन्स, त्यापुढे २४ पेन्स, असे तेव्हाचे दर होते. मधल्या दोन वर्षांत बहुतेक उत्पादकांनी कर टाळण्यासाठी पेयांतली साखर आपणहून कमी केली. ग्राहकाने सवय बदलण्याआधीच बाटली बदलली. डेन्मार्कने सरसकट अन्नावर हात टाकला आणि तो फसला. मेक्सिको आणि इंग्लंड यांनी पोषणमूल्य नसलेली एकच वस्तू निवडली आणि त्यांना यश आले.

२२/ भारतातला पहिला प्रयोग केरळचा. जुलै २०१६ मध्ये अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी नाममुद्रांकित उपाहारगृहांतल्या बर्गर, पिझ्झा, पास्ता यांवर साडेचौदा टक्के ‘चरबी कर’ बसवला. तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स आणि मैद्याचा परोटा मात्र त्यातून सुटले. परदेशी ते वाईट आणि आपले ते चांगले, असा त्याचा अर्थ निघाला. वर्षभरात वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्याचा हा कर संपला. महाराष्ट्रात असाच कर आणायचा आणि वडापाव, फरसाण, पेढा यांकडे डोळेझाक करायची, तर तो तितकाच लंगडा ठरेल.

२३/ महाराष्ट्राने कराऐवजी बंदीचा मार्ग अधिक वेळा धरला. १९४९ चा दारूबंदी कायदा, २०१२ ची गुटखाबंदी, मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त चरबी, मीठ आणि साखरेच्या पदार्थांना केलेली मनाई. दारूबंदीने हातभट्टी वाढवली. गुटखा आजही टपऱ्यांवर लपूनछपून मिळतो. शाळेच्या आवारातली मनाई रास्त आहे, पण फाटकाबाहेरच्या दुकानाला ती लागू नाही. बंदी कागदावर कठोर दिसते. कर तितका कठोर दिसत नाही, पण तो रोज, प्रत्येक खरेदीवर, पोलिसाशिवाय काम करतो.

२४/ देशपातळीवर एक कर आहेच. जुलै २०१७ पासून वायुयुक्त शीतपेयांवर २८ टक्के वस्तू आणि सेवा कर व १२ टक्के उपकर, असा एकूण ४० टक्के भार आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत तो ४० टक्क्यांच्या एकाच दरात आला. पण त्यात साखरेच्या प्रमाणाप्रमाणे भेद नाही. भरपूर साखरेच्या बाटलीवर आणि साखर नसलेल्या बाटलीवर दर एकच. इंग्लंडमधल्या उत्पादकाला साखर घटवण्याचे जे कारण मिळाले, ते येथे मिळत नाही. त्याच फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, फरसाण यांचा कर पाच टक्क्यांवर उतरला. त्या वर्षाच्या आरंभी सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर अधिक कराचा विचार सुचवला होता. अहवाल एकीकडे गेला, दर दुसरीकडे गेले.

२५/ राज्यातही असेच. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत आला : रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. सणाला गरिबाच्या घरी गोड व्हावे, यात वावगे काहीच नाही. पण सरकारी पैशाने वर्षानुवर्षे सवलतीत काय मिळाले, याची यादी केली तर साखर आणि तेल वर दिसतात. ज्वारी, मटकी, शेंगदाणे, दूध, भाजी खाली दिसतात.

२६/ आता सर्वांत नाजूक आक्षेप : गोडावर कर लावला तर ऊसवाला शेतकरी मरेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंदापुरात ऊसदरासाठी मोठे आंदोलन झाले आणि राजू शेट्टी यांना अटक झाली. टनामागे शे-दोनशे रुपयांसाठी येथे माणसे रस्त्यावर येतात, ते उगाच नाही. पण आक्षेप तपासून पाहावा. शेतकऱ्याचा दर केंद्राने ठरवलेला आहे, शीतपेयाच्या किमतीवर तो बसत नाही. २०१८ नंतर उसाच्या रसाला आणि मळीला इथेनॉलची मोठी वाट मिळाली आहे. देशाची अडचण बहुतेक वर्षी साखर उरण्याची असते. खाणाऱ्याने आजारी पडून साखर संपवावी, ही काही शेतकऱ्याला वाचवण्याची योजना होऊ शकत नाही. तो शेतकरीही खाणाराच आहे, आणि साखरेचा आजार त्याच्याही घरात आला आहे.

२७/ गरिबावर बोजा पडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर मिठाच्या इतिहासातच आहे. मीठ टाळता येत नव्हते, म्हणून तो कर अन्याय्य होता. किलोभर साखर, गूळ, तेल यांवर कर बसवणे त्याच जातीचे होईल. बाटलीबंद गोड पेय टाळता येते. मेक्सिकोत गरिबाने ते अधिक टाळले आणि म्हणून आजारही त्याचाच अधिक टळण्याचा संभव आहे. जेवणावर कर नसावा. जेवणाची जागा घेणाऱ्या पाकिटावर आणि बाटलीवर असावा, देशी-परदेशी हा भेद न करता, साखर, मीठ आणि चरबीच्या प्रमाणात असावा.

२८/ आणि अबकारीच्या इतिहासातून आलेली अट विसरता कामा नये. त्या कराचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत हरवू नये. फुल्यांच्या पत्रातला हिशेब आरोग्यखर्चाचा होता. तो पैसा ग्रामीण दवाखान्यातल्या रक्तशर्करा तपासणीला, शालेय पोषण आहारातल्या अंड्याला आणि फळाला, ज्वारी-बाजरीच्या खरेदीला उघडपणे जावा. दरवर्षी किती आला आणि कुठे गेला, हे जाहीर व्हावे. उत्पन्न घटत गेले तर ते अपयश मानू नये. ते या कराचे यश समजावे.

२९/ सारांश असा. कराने खाणे बदलते की नाही, हा वाद इतिहासाने मिटवला आहे. १८८८ च्या मिठाने, १९०३ च्या चहाने आणि १९३२ च्या साखरेने तो तीनदा मिटवला. उरतो तो प्रश्न हेतूचा आणि न्यायाचा आहे. सरकारने गेली नव्वद वर्षे साखर स्वस्त आणि मुबलक व्हावी म्हणून कर, पाणी आणि पैसा वापरला. त्या काळी भूक मोठी होती, ते समजण्यासारखे आहे. आज आजार मोठा आहे. तेव्हा गोडाला मदत करणारा हात आता थोडा आखडता घेतला, तर त्याला जुलूम म्हणता येणार नाही.

३०/ दुष्काळात भाकरी वाचावी म्हणून नीरेचा कालवा निघाला आणि अवर्षणग्रस्तांसाठी उजनी बांधली गेली. दोन्हींचे पाणी शेवटी उसाकडे गेले, कारण दर आणि कर त्या बाजूला झुकलेले होते. पुढच्या एखाद्या कडक उन्हाळ्यात पळसनाथाचे मंदिर पुन्हा उघडे पडेल. तेव्हा दर्शनाला जाणाऱ्यांनी काठावरच्या उसाकडेही एकदा पाहावे, आणि ज्या ज्वारीसाठी हे पाणी अडवले होते ती कुठे गेली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारावे.